जखमी मांजर उचलण्याआधी

टॉवेल जाड घ्या. वेदनेतलं मांजर रोजच्या ओळखीच्या हातालाही चावतं. चावलंच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठा. ‘पिल्लूच तर होतं’ ही सबब चालत नाही.

घरातल्या औषधांच्या डब्याला मात्र हात लावू नका. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते: हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. माणसाच्या यकृताला हे औषध पचवता येतं, मांजराच्या नाही. फिनेल आणि टर्पेंटाइनचंही तसंच. जखमेत अळ्या दिसल्या की आपल्याकडे टर्पेंटाइन ओतायची जुनी खोड आहे. मांजर ते चाटतं आणि पोटात घेतं. अळ्या पशुवैद्यालाच चिमट्याने काढू द्या.

दूध? बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही, जुलाब होतात. बिनमिठाची उकडलेली कोंबडी कोमट करून द्या. वास आला की रुसलेलं मांजरही मान वर करतं. दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर थांबू नका, यकृतात चरबी साचू लागते.

निरोगी मांजराचं तापमान सुमारे १०१ ते १०२ फॅरनहाइट असतंच, त्यामुळे कान गरम लागले म्हणून घाबरायचं कारण नाही. थंडगार पडले तर मात्र गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा आणि रिक्षा बोलवा.