निकेल नुसतं बघत बसत नाही

डालड्याचा पिवळा डबा रिकामा झाला की त्यात तुळस लागायची. त्यातलं रवाळ वनस्पती तूप मुळात पातळ तेलच. तापलेल्या तेलात निकेलची बारीक भुकटी घालून हायड्रोजन सोडला की ते थिजण्याजोगं होतं. शाळेत यासोबत एक वाक्य हमखास पाठ करून घेतलं जातं: उत्प्रेरक अभिक्रियेत भाग घेत नाही. साफ चूक!

इथिलीन आणि हायड्रोजन यांची सोपी जोडी घेऊ. त्यांचं इथेन झालं तर मोलमागे सुमारे 137 किलोजूल ऊर्जा बाहेर पडते, म्हणजे वाट उताराचीच. तरी दोन्ही वायू एका बाटलीत ठेवले तर ढिम्म हलत नाहीत.

अडतं ते चिन्हांपाशी. रेणूतले इलेक्ट्रॉन ज्या ऑर्बिटलमध्ये असतात, ती एक लहर असते; तिला अधिक आणि उणे भाग असतात. अधिकशी अधिक जुळलं तर बंध होतो, उणे आलं तर बिघडतो. हायड्रोजनचं भरलेलं ऑर्बिटल दोन्ही अणूंवर अधिक. इथिलीनचं रिकामं मात्र एका कार्बनवर अधिक, दुसऱ्यावर उणे. एका टोकाला जमलेलं दुसऱ्या टोकाला फिसकटतं, बेरीज शून्य. भरलेल्या-रिकाम्या ऑर्बिटलच्या या हिशेबासाठी केनिची फुकुई आणि रोआल्ड हॉफमन यांना 1981 चं नोबेल मिळालं.

निकेलच्या डी-ऑर्बिटलला चार पाकळ्या असतात, शेजारशेजारच्या पाकळ्यांची चिन्हं उलट. हायड्रोजनचं रिकामं ऑर्बिटलही असंच अर्धं अधिक, अर्धं उणे. ते चपखल बसतं आणि निकेलचे इलेक्ट्रॉन त्यात शिरतात. हे ऑर्बिटल बंधविरोधी. ते भरू लागलं की 436 किलोजूलचा मजबूत बंध सैल होऊन तुटतो. दोन्ही हायड्रोजन अणू निकेलला चिकटतात आणि मग एकेक करून कार्बनवर जातात. निकेल पुन्हा मोकळं.

फ्रान्समधल्या तुलूझला पॉल साबात्ये यांनी निकेलवर हा प्रयोग केला 1897 साली, इलेक्ट्रॉनचा शोध लागला त्याच वर्षी. निकेल हायड्रोजनशी तात्पुरतं संयुग करत असावं, हा त्यांचा कयास. ऑर्बिटल हा शब्दही तेव्हा नव्हता!

‘एकेक करून’ हे मात्र महागात पडलं. तेलाच्या रेणूवर पहिला हायड्रोजन बसला की दुहेरी बंध एकेरी होतो आणि साखळी त्याभोवती गर्रकन फिरू शकते. दुसरा यायच्या आत एक हायड्रोजन निकेलकडे परतला, तर दुहेरी बंध पुन्हा तयार होतो, पण कधी कधी उलट्या बाजूनं वळलेला. तेच ट्रान्स फॅट. भारतात 2022 पासून खाद्यतेलं आणि वनस्पती तुपात त्याची मर्यादा 2 टक्के आहे.