कोरडवाहू शेतातील उंदरांसाठी सापळ्यांची निवड व मांडणी

महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात घरातील वर्षाचे धान्य आणि गोठ्यातील वर्षाची वैरण या दोहोंची भिस्त रब्बी ज्वारीच्या एकाच पिकावर असते. पावसाची ओढ आणि किडीचा प्रादुर्भाव यांविषयी शेतकरी सावध असतो. परंतु रात्री बांधाआडून येणाऱ्या उंदरांकडे, कणसे भरून ताटे आडवी पडू लागेपर्यंत, सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मग घाईने चार सापळे आणून लावले जातात. त्यांत फारसे काही सापडत नाही, आणि ‘सापळ्याने उंदीर हटत नाहीत’ असा ग्रह होतो. वस्तुतः दोष बहुधा सापळ्याचा नसून वेळेचा, निवडीचा व मांडणीचा असतो.

उंदरांचा उपद्रव किती भयंकर रूप धारण करू शकतो, याचा दाखला दख्खनच्या इतिहासातच आहे. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळातून सोलापूर, तेव्हाचा अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) व आसपासचे जिल्हे सावरत असतानाच १८७८-७९ मध्ये तेथे उंदरांच्या झुंडींनी उभ्या पिकांची नासाडी केली. मारलेल्या उंदरांबद्दल सरकारला बक्षिसे जाहीर करावी लागली. परंतु तो उपाय संख्या बेसुमार वाढल्यानंतरचा होता. उंदीर थोडे असतानाच त्यांचा बंदोबस्त करणे कमी खर्चाचे व अधिक खात्रीचे असते.

उपद्रवी उंदरांची ओळख

सर्व उंदीर एका सवयीचे नसतात, म्हणून सापळा आणण्यापूर्वी शेतात कोणता उंदीर आहे हे पाहणे अगत्याचे आहे. कोरडवाहू जमिनीत मुख्यतः तीन जाती आढळतात. पहिली जात ‘टाटेरा इंडिका’ या शास्त्रीय नावाने ओळखली जाते. हा उंदीर पिवळसर तांबूस रंगाचा असून त्याचे पोट पांढरे, डोळे मोठे, मागचे पाय लांब आणि लांब शेपटीच्या टोकाला गडद केसांचा झुपका असतो. तो उड्या मारीत धावतो. पडीक जमीन, कुंपणे व बांध यांत त्याची अनेक तोंडांची बिळे असतात. दुसरी जात मऊ केसांच्या उंदराची, म्हणजे ‘मिलार्डिया मेल्टाडा’ हिची होय. हा आकाराने लहान असून काळ्या जमिनीच्या भेगांत, दगडांच्या ढिगांत व साध्या उथळ बिळांत राहतो. तिसरी जात लहान घुशीची, म्हणजे ‘बँडिकोटा बेंगालेन्सिस’ हिची. तिला ओल आवडते. म्हणून विहीर, पाट, ऊस किंवा भाजीपाला जवळ असेल तेथील बांधांत ती विशेष आढळते. बिळाच्या तोंडाशी उकरलेल्या मातीचा ढीग ही तिची ठळक खूण होय.

या तिन्ही जाती रात्री बाहेर पडतात. गर्भकाल तीन ते चार आठवड्यांचाच असल्याने आणि एका वेळी अनेक पिले होत असल्याने अन्न मुबलक झाले की त्यांची संख्या झपाट्याने वाढते.

सापळे केव्हा लावावेत

कणीस भरलेल्या शेतात उंदराच्या चहूकडे अन्न असते. अशा वेळी सापळ्यातील घासाचे त्याला आकर्षण उरत नाही. याउलट रब्बीची कापणी व मळणी आटोपल्यावर एप्रिल-मे महिन्यांत शिवार उघडे पडते. उंदीर बांध, कुंपण, कडब्याची गंजी व खळ्याचा परिसर यांच्या आश्रयाला येतात आणि अन्नाची चणचण असल्यामुळे आमिषाकडे लवकर वळतात. पावसाळ्यात चारा-दाणा वाढून त्यांची वीण जोर धरण्यापूर्वीच या थोड्या उंदरांचा बंदोबस्त व्हावा, हा उन्हाळी मोहिमेचा हेतू होय.

दुसरी संधी पेरणीनंतर मिळते. पीक गुडघ्याएवढे होईपर्यंत बांधांवर पुन्हा पाहणी करून सापळे लावावेत. पीक पोटरीवर आल्यावर सापळ्यांवरच विसंबून राहू नये.

बिळांची पाहणी

दिसणारे प्रत्येक बीळ वसते नसते. म्हणून सायंकाळी बांधावरील व कुंपणालगतची सर्व बिळे ओल्या मातीने लिंपून बंद करावीत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांपैकी किती उघडली गेली ते मोजावे. उघडलेल्या बिळांजवळ काटकी रोवून खूण करावी. सापळे त्यांच्याजवळच लावावयाचे असतात. त्याच वेळी उंदरांच्या वाटाही शोधाव्यात. गवतातून गेलेली अरुंद गुळगुळीत वाट, ताज्या लेंड्या आणि कुरतडलेली ताटे यांवरून त्या ओळखता येतात. वाट निश्चित नसेल तर थोडी राख पसरून ठेवावी. सकाळी तीवर पावलांचे ठसे दिसतात.

सापळ्याची निवड

शेताच्या बांधासाठी कमानीचा चाप सर्वांत सोयीचा असतो. तो हलका व स्वस्त असून योग्य रीतीने बसल्यास उंदीर तत्काळ मरतो. मात्र चापाचा आकार उंदराला साजेसा असावा. घरातील पिटुकल्या उंदरासाठी केलेला चाप शेतातील मोठ्या उंदरावर वापरल्यास त्याचा पाय किंवा शेपटी तेवढी अडकते. उंदीर निसटतो, आणि एकदा निसटलेला उंदीर तशा वस्तूजवळ पुन्हा सहजी येत नाही. खरेदी करताना कमान जोराने व सरळ मिटते की नाही आणि आमिषाची पट्टी हलक्या स्पर्शानेही सुटते की नाही, हे काडीने दाबून पाहावे. बोट घालून पाहू नये.

गंजी, गोठा, खळे व घर यांच्या आसपास मुले, कोंबड्या व मांजरे वावरतात. तेथे चापाऐवजी पडत्या दाराचा पिंजरा वापरावा. त्यात प्राणी जिवंत सापडतो, त्यामुळे चुकून दुसरा प्राणी अडकला तर त्याला सोडून देता येते. पिंजऱ्याच्या तारांमधील अंतर कमी असावे, दार अडखळल्याविना पडावे आणि पडल्यावर आतून ढकलता येऊ नये. एकेरी झडपेचा, एका रात्रीत अनेक उंदीर पकडणारा पिंजरा धान्याच्या कोठारात उपयुक्त ठरतो. शेतात मात्र उंदीर अनेक ठिकाणी विखुरलेले असल्याने एका मोठ्या पिंजऱ्यापेक्षा अनेक लहान सापळे अधिक काम देतात.

तमिळनाडूतील कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात बांबूच्या कमट्यांचा धनुष्याकृती सापळा प्रचलित असून तो ‘तंजावर किट्टी’ या नावाने प्रसिद्ध आहे. भातखाचराच्या ओल्या मातीत तो सहज रोवता येतो. कोरड्या, टणक जमिनीत त्याला तसा आधार मिळत नाही. एका भागात उत्तम ठरलेले साधन दुसऱ्या भागात तसेच उपयोगी पडेल असे नाही, हे यावरून ध्यानात येईल.

दातेरी जबड्याचे लोखंडी सापळे शेतात लावू नयेत. त्यांत कुत्री व अन्य प्राणी जायबंदी होतात. चिकट फळ्याही वर्ज्य कराव्यात. त्यांवर उंदीर तासन्‌तास तडफडत राहतो, शिवाय पक्षी, सरडे व पालीही चिकटतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानेही अशा फळ्यांच्या वापराविरुद्ध सूचना दिलेल्या आहेत.

मांडणीची रीत

उंदीर उघड्यावरून सरळ धावण्याऐवजी बांधाच्या, भिंतीच्या किंवा कुंपणाच्या कडेने जाणे पसंत करतो. म्हणून सापळा शेताच्या मध्यभागी न लावता खूण केलेल्या बिळाजवळ, परंतु तोंडाला अगदी न चिकटवता, हातभर अंतरावर त्याच्या वाटेत ठेवावा. चाप वाटेला काटकोनात ठेवून आमिषाची बाजू बांधाकडे किंवा भिंतीकडे करावी. पिंजऱ्याचे दार वाटेच्या दिशेने उघडे असावे.

कोरड्या जमिनीत ढेकळे व भेगा यांमुळे सापळा डगमगतो. पावलाखाली हललेली वस्तू उंदीर टाळतो, आणि डगमगणारा चाप नेमका मिटतही नाही. याकरिता जागा खुरप्याने सपाट करून माती दाबून घ्यावी. चापाला तार बांधून ती खुंटीला अडकवावी. अन्यथा अर्धवट सापडलेला उंदीर किंवा एखादे कुत्रे चाप ओढून नेते. चापावर कौल तिरके टेकवावे अथवा दोन्ही बाजूंस काटेरी फांद्या ठेवाव्यात. उंदराला आडोसा मिळतो आणि पक्षी चापापासून दूर राहतात.

उंदीर नव्या वस्तूविषयी स्वभावतःच साशंक असतो. म्हणून पहिले दोन-तीन दिवस सापळे आमिष घालून, पण न चढवता ठेवावेत. आमिष खाल्ले जाऊ लागले की सर्व सापळे एकाच सायंकाळी चढवावेत. थोडे सापळे महिनाभर लावण्यापेक्षा पुष्कळ सापळे तीन-चार रात्री लावणे अधिक फलदायी असते. नंतर ते काढून घेऊन बिळांची पाहणी पुन्हा करावी आणि जरूर तेथेच ते परत लावावेत.

आमिष

आमिष महाग असण्याची गरज नाही. ते त्या वेळी शेतात न मिळणारे असावे. भाजलेली ज्वारी किंवा बाजरी भरडून तिला थोडे शेंगदाण्याचे तेल चोळावे. भाकरीचा तेल लावलेला तुकडा, खोबरे किंवा भजे हेही चालते. चापावर आमिष हरभऱ्याएवढेच व घट्ट बसवावे. मोठा तुकडा उंदीर कडेने कुरतडून नेतो. मुंग्या लागलेले वा वाळलेले आमिष रोज बदलावे. सापळ्यातील आमिषात विष मिसळू नये.

पकडल्यानंतरची दक्षता

सापळे पहाटेच तपासावेत. उशीर झाल्यास पिंजऱ्यातील प्राणी उन्हाने हाल होऊन मरतो. मुंगूस किंवा उदमांजर सापडल्यास त्याला इजा न करता सोडून द्यावे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमान्वये हे प्राणी संरक्षित आहेत, आणि उंदीर खाऊन ते शेतकऱ्याला साहाय्यही करतात. जिवंत सापडलेला उंदीर दूरच्या शेतात सोडणे म्हणजे आपला उपद्रव शेजाऱ्याकडे धाडणे होय. पिंजरा पोत्यात रिकामा करून डोक्यावर एकाच जोरदार आघाताने त्याला मारावे. छळ करू नये.

मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नये. लेप्टोस्पायरोसिससारखे रोग उंदरांच्या मूत्रातून पसरतात, तर प्लेगचा प्रसार त्यांच्या अंगावरील पिसवांमुळे होतो. बीड जिल्ह्यातील मामला गावी १९९४ मध्ये प्लेगची साथ उद्भवल्याच्या वृत्ताने सर्वत्र घबराट पसरली होती, हे अनेकांना स्मरत असेल. हातमोजे किंवा चिमटा वापरावा, मृत उंदीर खोल पुरावेत, सापळे गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवावेत आणि हात साबणाने स्वच्छ करावेत. सापळ्यांविना उंदीर आपोआप मरून पडू लागले, तर त्यांना स्पर्श न करता प्राथमिक आरोग्य केंद्रास तत्काळ कळवावे.

गावाने एकत्र करावयाचे काम

एका शेतकऱ्याने आपले बांध साफ केले आणि शेजारच्या पडीक जमिनीतील बिळे तशीच राहिली, तर काही आठवड्यांतच रिकामी बिळे पुन्हा वसतात. म्हणून शिवाराचे भाग पाडून लगतच्या सर्व शेतकऱ्यांनी एकाच आठवड्यात सापळे लावावेत. प्रत्येकाने पुष्कळ सापळे विकत घेण्यापेक्षा ते सामाईक खर्चाने घेऊन पाळीपाळीने वापरणे परवडते. पाणंद, गायरान व ओढ्याकाठच्या बिळांचा कोणी एक धनी नसतो. त्यांचा भार सर्वांनी वाटून घ्यावा.

याच्या जोडीला बांधांवरील अनावश्यक गवत काढावे, कडब्याची गंजी जमिनीपासून उंच मचाणावर रचावी आणि खळ्यावर सांडलेले धान्य झाडून घ्यावे. गव्हाणी घुबड व धामण हे उंदरांचे मोठे शत्रू आहेत. त्यांना मारू नये. विषारी आमिष खाल्लेल्या उंदरामुळे घुबडासारख्या पक्ष्यांना अपाय होण्याचा संभव असतो. सापळ्यात तो धोका नाही.

मे महिन्यात बांधावरील एक जोडी पकडली गेली, तर माघात कणसावर तुटून पडणारे तिचे सारे कुटुंब टळते. कापणीनंतरच्या मोकळ्या दिवसांत घेतलेल्या या थोड्या श्रमांचे मोल पुढल्या वर्षीच्या कणगीत व गंजीत दिसून येईल.