विमानांची नावे

मुलांनो, कसाऱ्याच्या स्थानकात घाट चढण्यासाठी आगगाडीला मागून जादा इंजिने जोडतात. त्याच वेळी वर एखादे विमान संथपणे मुंबईकडे जात असते. त्याला मागून रेटणारे कोणी नाही!

एका कंपनीच्या सर्व विमानांस मिळून ताफा म्हणतात. आजच्या एअर इंडियाच्या ताफ्याचा आरंभ अगदी चिमुकला होता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन एका इंजिनाचे ‘पस मॉथ’ विमान जुहूस आणले. १९४८ साली ‘मलबार प्रिन्सेस’ लंडनला गेले. १९६० पासून बोइंग ७०७ ही जेट विमाने येऊ लागली. त्यांस ‘नंदादेवी’, ‘गौरीशंकर’, ‘कांचनजंगा’ अशी हिमशिखरांची नावे दिली.

नावे किती उत्तुंग! पण दैव पाहा. १९५० साली ‘मलबार प्रिन्सेस’ युरोपातील माँ ब्लां या पर्वतावर आदळले, आणि १९६६ साली ‘कांचनजंगा’ही त्याच पर्वतावर. पर्वत मागे पडला, असा वैमानिकाचा समज झाला होता. त्या अपघातात ११७ माणसे गेली. थोर शास्त्रज्ञ डॉ. होमी भाभा त्यांतलेच. आता प्रवासी जेट विमानांत डोंगर जवळ येताच वैमानिकास सावध करणारे यंत्र असते. कसाऱ्यावरून जाणाऱ्या विमानांतही ते असते.