सुरीची धार, विळीचे पाते

मराठी स्वयंपाकघरात दिवसातून दोनदा हाताशी येणारी आणि तरीही निगेच्या दृष्टीने सर्वाधिक दुर्लक्षित राहणारी वस्तू म्हणजे सुरी किंवा विळी. मिक्सर बिघडला तर तो त्याच आठवड्यात दुरुस्तीला जातो. परंतु टोमॅटोची साल चिरण्याऐवजी ती दाबून फोडणारी सुरी वर्षानुवर्षे तशीच वापरली जाते, आणि फारच असह्य झाली तर बाजारातून नवी आणली जाते. ही नवी सुरीही काही महिन्यांतच जुनीच्या पंक्तीला जाऊन बसते, कारण दोष बहुधा सुरीच्या दर्जाचा नसून ती ज्या पृष्ठभागावर चालवली जाते त्याचा, आणि तिला कधीच धार न लावण्याचा असतो.

धार म्हणजे पात्याच्या दोन अंगांना दिलेले उतार ज्या रेषेवर मिळतात ती रेषा. भूमितीतील रेषेला जाडी नसते, पोलादाच्या रेषेला मात्र ती असतेच, आणि ती जितकी कमी तितकी धार तीक्ष्ण. माणसाच्या डोक्यावरील केस सुमारे ५० ते १०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या ५० ते १०० पट जाड असतो; उत्तम लावलेल्या धारेचा काठ एका मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहूनही बारीक असू शकतो. हाताचा जोर इतक्या चिंचोळ्या जागेवर एकवटल्यामुळे भाजीच्या पेशींवर पडणारा दाब प्रचंड वाढतो आणि त्या चिरडण्याऐवजी चिरल्या जातात. बोथट सुरीखाली कांद्याच्या अधिक पेशी फुटून डोळ्यांना झोंबणारे द्रव्य अधिक बाहेर पडते, कोथिंबीर काळवंडते आणि पिकलेल्या टोमॅटोचा रस फळीवर वाहतो, त्याचे कारण हेच. बोथट सुरी सुरक्षित असते हा समजही चुकीचा आहे. ती अधिक जोर मागते, कांद्याच्या गुळगुळीत सालीवरून घसरते, आणि घसरलेल्या सुरीमागे तो सगळा जोर असतोच.

धार नाहीशी होण्याचे प्रकार मात्र एकापेक्षा अधिक आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. मऊ पोलादाचा काठ कठीण पृष्ठभागावर आपटला की तो एका बाजूला दुमडतो, कठीण पोलादाचा काठ दुमडण्याऐवजी बारीक कपच्यांनी तुटतो, दीर्घ वापराने तो झिजून गोलसर होतो, आणि लिंबू, कैरी, कोकम यांच्यासारख्या आंबट पदार्थांचा रस तसाच राहिल्यास तो गंजाने खाल्ला जातो. पोलादाहून कितीतरी मऊ असलेली वस्तूसुद्धा धार मोडू शकते, हे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी २०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले. सुमारे पन्नास पट मऊ असलेला केस दाढीच्या पात्याला तिरका भिडला आणि त्या जागी पोलादाची अंतर्गत रचना एकसारखी नसली, तर काठाचा कपचा उडतो, असे त्यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली आढळले. केसाची ही कथा, तर ग्रॅनाइटच्या ओट्याविषयी वेगळे सांगायला नको. खनिजांची कठीणता एक ते दहा अशा आकड्यांत सांगणाऱ्या मोहस मापनश्रेणीत ग्रॅनाइटमधील क्वार्ट्झ सातव्या पायरीवर आहे आणि सुरीचे पोलाद साधारण साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान. ओट्यावर किंवा स्टीलच्या ताटात थेट चिरणे म्हणजे प्रत्येक फटक्याला धार थोडी थोडी मोडणे होय. काचेच्या आकर्षक फळ्यांना तर स्वयंपाकघरात स्थानच नसावे. लाकडी किंवा प्लास्टिकची फळी वापरली आणि चिरलेली भाजी धारेने न खरवडता सुरीच्या पाठीने गोळा केली, तरी धार लावण्याची निम्मी गरज उरत नाही.

पोलादाविषयी एक गोंधळ येथे दूर करणे आवश्यक आहे. शेफील्ड येथील हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ साली न गंजणारे पोलाद तयार केले, तेव्हापासून ‘स्टेनलेस’ हा शब्द एकाच धातूचे नाव असल्यासारखा वापरला जातो. प्रत्यक्षात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असलेल्या अनेक मिश्रधातूंचे ते कुळनाम आहे. भांड्यांसाठी वापरले जाणारे, साधारण अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असलेले पोलाद तापवून विझवले तरी कठीण होत नाही, त्यामुळे त्याच्या पात्याला धार लागली तरी ती टिकत नाही. सुरीच्या पोलादात कार्बनचे प्रमाण अधिक ठेवावे लागते, तरच लोहार ज्याला ‘पाणी देणे’ म्हणतात ती क्रिया, म्हणजे तापलेले पाते पाण्यात किंवा तेलात एकदम थंड करून कठीण करणे, त्यावर लागू पडते. जुन्या लोखंडी विळीची धार चांगली असे घरोघरी म्हटले जाते त्यात म्हणूनच तथ्य आहे, कारण ती बहुधा साध्या कार्बनयुक्त पोलादाची असते. ती गंजते, कैरीने काळी पडते, पण दगडावर लवकर उजळते.

धार लावण्यासाठी पोलादाहून कठीण काहीतरी लागते, आणि ते हार्डवेअरच्या कोणत्याही दुकानात मिळते. कुरुंद, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचे खनिज, मोहस मापनश्रेणीवर नवव्या पायरीवर आहे. एडवर्ड ॲचेसन यांनी १८९१ साली विजेच्या भट्टीत तयार केलेले आणि कार्बोरंडम या नावाने ओळखले जाणारे सिलिकॉन कार्बाइड त्याहूनही किंचित कठीण. दुकानातला दुहेरी दगड बहुधा यांपैकी एका द्रव्याचा असतो, त्याची एक बाजू खरखरीत आणि दुसरी बारीक असते. दगडावरचा आकडा कणांचा बारीकपणा सांगतो आणि आकडा मोठा तितका कण लहान: दोनशेच्या खालचा दगड अतिशय बोथट किंवा दात पडलेल्या पात्यासाठी, तर हजाराच्या आसपासचा रोजच्या सुरीला पुरेसा. दगड भिजवून घ्यावा लागतो, कारण घासताना निघणारा पोलादाचा चुरा पाण्याबरोबर वाहून गेला नाही तर तो छिद्रांत बसून दगड निसरडा करतो. मध्यभागी खोलगट झालेला दगड सपाट करून घेतल्याशिवाय त्यावर सरळ धार लागत नाही. सपाट फरशीवर वॉटर पेपर पसरून त्यावर तो घासला की हे काम होते.

नवख्या हाताची चूक बहुतेक वेळा कोनात होते. पाते आणि दगड यांच्यातला कोन प्रत्येक बाजूला साधारण १५ ते २० अंश असावा, परंतु कोणत्याही एका आकड्यापेक्षा तो घासण्याच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत बदलू न देणे अधिक महत्त्वाचे. कोनमापक हाती नसला तरी हिशोब सोपा आहे: चार सेंटिमीटर रुंद पात्याची पाठ दगडापासून दहा ते चौदा मिलिमीटर वर धरली की हा कोन साधतो, आणि दोन सेंटिमीटर रुंदीच्या लहान सुरीला त्याच्या निम्मी उंची पुरते. काठावर मार्कर पेनने रंग लावून दोनचार वेळा घासले की रंग कोठून जातो ते दिसते. तो काठाच्या वरच्या अंगाने गेला तर सुरी फार आडवी धरली आहे, आणि केवळ अगदी काठावरचा गेला तर फार उभी.

खरी खूण मात्र यानंतर येते. एका बाजूने पुरेसे घासले गेले की दगडाने ढकललेला धातू काठाच्या पलीकडच्या बाजूला सूक्ष्म पापुद्र्यासारखा उभा राहतो. तो डोळ्यांना क्वचितच दिसतो. पण दगड न लागलेल्या बाजूने, पाठीकडून धारेकडे अंगठा हलकेच सरकवला तर शेवटी त्याला बारीक अडथळा जाणवतो. कापसाचा पुंजका त्याच दिशेने काठावरून ओढला तर त्याचे धागे तेथे अडकतात. हा पापुद्रा टोकापासून मुठीपर्यंत सलग जाणवेपर्यंत बाजू बदलू नये, कारण तो जेथे नाही तेथे उतार अजून काठापर्यंत पोहोचलेलाच नसतो. घरगुती प्रयत्न फसतात ते बहुधा येथेच, प्रत्येक बाजूला ठरावीक वेळा घासून समाधान मानल्यामुळे. दुसऱ्या बाजूने घासल्यावर पापुद्रा पहिल्या बाजूला वळतो. त्यानंतर दगडाच्या बारीक अंगावर, उत्तरोत्तर हलक्या हाताने आणि प्रत्येक वेळी बाजू बदलत तो काढून टाकायचा असतो. तो तसाच राहिला तर सुरी पहिल्या दिवशी कमालीची तीक्ष्ण वाटते आणि दोन दिवसांत पापुद्रा दुमडून पूर्वीसारखी होते. शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या खरखरीत बाजूवरून पाते उलट्या दिशेने, म्हणजे पाठ पुढे ठेवून, काही वेळा ओढले की उरलासुरला अंशही जातो. न्हाव्याच्या पट्ट्याचे काम हेच होते.

सुरीसोबत विकली जाणारी पोलादी दांडी ही धार लावण्याचे साधन नव्हे. ती मुख्यतः दुमडलेला काठ पुन्हा सरळ करते, म्हणून ती दोन धारांच्या मधल्या काळात उपयोगी आणि पुरत्या बोथट सुरीवर निरुपयोगी. खाचेतून सुरी ओढण्याचे छोटे यंत्र काम लवकर करते, परंतु त्यातील कठीण पाती धातू खरवडून काढतात आणि काठ ओबडधोबड सोडतात; स्वस्त सुरीला ते चालेल, चांगल्या सुरीला देऊ नये. चिनी मातीच्या कपाच्या बुडाला असलेली, चकाकी न दिलेली खरखरीत कड वेळप्रसंगी दगडाचे काम खरोखरच करते.

विळीचा प्रश्न यापेक्षा बिकट आहे आणि पाककलेच्या पुस्तकांत तो जवळजवळ कधीच चर्चिला जात नाही. पाटावर उभे बसवलेले, चिरणाऱ्याकडे धार करून असलेले तिचे पाते आतल्या अंगाने वक्र असते. सपाट दगड त्या वक्रतेत पूर्ण टेकत नाही, फक्त त्याच्या कडा लागतात आणि धारेत खळगे पडतात. शिवाय भाजी वर्षानुवर्षे पात्याच्या त्याच चार बोटांच्या भागावर चिरली जाते, तेवढाच भाग बोथट होतो, तेवढाच घासला जातो, आणि शेवटी पाते तेथे कुरतडल्यासारखे खोल जाते. विळीला म्हणून गोल साधन हवे. जुन्या लाटण्याला किंवा लाकडी दांड्याला सुमारे चारशे आकड्याचा वॉटर पेपर घट्ट गुंडाळून, विळी धार शरीराच्या विरुद्ध दिशेला राहील अशी फिरवून पाटासह पक्की धरावी आणि दांडा पाठीकडून धारेकडे, पात्याच्या संपूर्ण लांबीवर फिरवावा. उलट्या दिशेने फिरवल्यास धार कागदच फाडते. दांडा धरणारी बोटे त्याच्या टोकाशी, पात्यापासून दूर असावीत, आणि विळीला खवणी असेल तर तिच्यावर आधी जाड फडके बांधावे, कारण तिच्या दातांवर हात आपटणे हा येथला खरा धोका. काही पात्यांना उतार एकाच अंगाने असतो. तेथे दुसऱ्या अंगाने केवळ पापुद्रा काढण्यापुरते सपाट घासावे. मासळी आणि भाजी यांसाठी वेगळ्या विळ्या ठेवण्याची किनारपट्टीवरील अनेक घरांची पद्धत धारेच्याही हिताची आहे, कारण हाडांवर आणि खवल्यांवर चालणारा काठ थोडा जाड असलेला बरा आणि पालेभाजीचा बारीक. फणस चिरण्यापूर्वी पात्याला खोबरेल लावतात ते चीक चिकटू नये म्हणून. लोखंडी विळी धुऊन, पुसून ठेवताना तेलाचा तोच हात फिरवला तर पावसाळ्यात गंजही लागत नाही.

दारावर सायकल उभी करून, पायडलने चाक फिरवत धार लावणारे कारागीर आता शहरांत विरळ झाले आहेत, तरी कोयता, अडकित्ता आणि दात पडलेले पाते यांसाठी त्यांना पर्याय नाही, कारण इतका धातू हाताने घासून काढायला घरच्या माणसाकडे दुपारभराचा वेळ असत नाही. कोरड्या चाकावर काठ क्षणात तापतो, आणि साध्या कार्बन पोलादाच्या काठावर निळी झाक आली, म्हणजे तापमान सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत गेले, तर लोहाराने दिलेले पाणी तेथे उतरते आणि तो भाग पूर्वीइतकी धार धरत नाही. म्हणून पाते वारंवार पाण्यात बुडवत, हलक्या दाबाने घासायला सांगावे आणि बारीक धार घरच्या दगडावर काढावी. पाव कापण्याची दातेरी सुरी मात्र चाकावर देऊ नये. तिचे दात एकदा घासले गेले की ती सुरी संपली.