शब्दकोश थोडा वेळ मिटा!

दोस्तांनो, दहावीचा शेवटचा पेपर संपला की पहिले आठ दिवस कसे मजेत जातात, नाही? सकाळी उशिरापर्यंत ताणून द्यायची, दुपारी कॅरम, संध्याकाळी क्रिकेट. मग एखाद्या दिवशी कट्ट्यावर कुणीतरी हळूच विषय काढतो, 'अरे, अकरावी सायन्सला सगळं इंग्रजीतच असतं म्हणे!' झालं! कॅरमची सोंगटी तिथल्या तिथे थांबते. 'जमेल का रे आपल्याला?'

मी तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. हा प्रश्न मला दरवर्षी भेटतो. कधी मुलांच्या तोंडून, कधी पालकांच्या, तर कधी नुसताच मुलांच्या चेहऱ्यावर. आज तुम्हाला एका मुलीची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, कारण तिला ते आवडणार नाही.

ही मुलगी मराठी माध्यमातली. दहावीला ९१ टक्के. हौसेनं सायन्स घेतलं. कॉलेज सुरू होऊन दोन आठवडे होतात न होतात, तोच वडिलांना घेऊन स्टाफरूमच्या दारात उभी. हातात शाखा बदलण्याचा अर्ज.

"सर, पोरगी रात्री एक-एक वाजेपर्यंत डिक्शनरी घेऊन बसते," वडील म्हणाले. "धड जेवत नाही. आमच्या घरात इंग्रजी कुणालाच येत नाही. काय करावं, तुम्हीच सांगा."

मी तिला विचारलं, "आर्ट्सची आवड आहे म्हणून चाललीस?"

"नाही सर. मला बायोलॉजीच आवडतं. पण वाचताच येत नाही."

आता आर्ट्स काही कमी नाही. तिथेही भरपूर वाचावं लागतं, भरपूर लिहावं लागतं. पण आवडीनं घेतलेला निर्णय वेगळा आणि भीतीनं घेतलेला वेगळा. मी तिचं पुस्तक मागून घेतलं. उघडून पाहतो तो काय, पानावरच्या जवळजवळ प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीनं मराठी अर्थ लिहिलेला! एका परिच्छेदात मी मोजले, ४६ शब्द.

"ह्या परिच्छेदात काय सांगितलंय?" मी विचारलं. ती गप्प.

"बरं, राहू दे. परासरण म्हणजे काय, ते मराठीत सांग."

तिचा चेहरा लगेच बदलला. "सर, मनुका पाण्यात टाकल्या की फुगतात ना? आत साखर जास्त असते, म्हणून बाहेरचं पाणी सालीतून आत जातं. आणि लोणच्याला कैरीच्या फोडींना मीठ लावलं की उलटं होतं. मीठ बाहेर जास्त, म्हणून फोडींना पाणी सुटतं."

"अगं, तुझ्यासमोरच्या पानावर हेच तर लिहिलंय!"

ती पुन्हा पानाकडे पाहू लागली. या वेळी जरा वेगळ्या नजरेनं. तिनं अर्ज फाडला वगैरे नाही हं. वडिलांनीच त्याची घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघू."

त्या दिवाळीपर्यंत कॉलेज सुटल्यावर आठवड्यातून तीन दिवस आम्ही जे केलं, ते आता सांगतो.

बोलण्याचं इंग्रजी, पुस्तकाचं इंग्रजी

पहिली गोष्ट ही, की इंग्रजी एक नसतं, दोन असतात. एक दुकानात, बसमध्ये, मित्रांशी बोलण्याचं. दुसरं पुस्तकातलं, अभ्यासाचं. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ साली हा फरक नीट मांडला. दुसऱ्या देशातून तिथे आलेली मुलं साधारण दोन वर्षांत फडाफडा इंग्रजी बोलू लागतात. पण वर्गातल्या इतर मुलांइतकं अभ्यासाचं इंग्रजी यायला त्यांना पाच वर्षं किंवा त्याहूनही जास्त काळ लागतो, असं त्यांना आढळलं. आणि ही मुलं इंग्रजीच्या देशात राहणारी बरं का! तेव्हा दोन आठवड्यांत आपल्याला पान उमगलं नाही, तर आपण 'ढ' आहोत असं मुळीच नाही.

कमिन्स यांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. मातृभाषेत जे पक्कं समजलेलं असतं, ते वाया जात नाही, दुसऱ्या भाषेत बरोबर येतं. मनुका आणि कैरी कळली, की परासरण कळलं. आता फक्त त्याला 'ऑस्मोसिस' म्हणायला शिकायचं. म्हणजे अर्धी लढाई तुम्ही मराठी शाळेतच जिंकलेली आहे!

कोणते शब्द आधी?

'पण सर, शब्द तर लाखो आहेत!' खरंय. म्हणून तर निवडायचे. न्यूझीलंडमधल्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी वेगवेगळ्या विषयांची कॉलेजची पुस्तकं आणि लेख तपासले. सगळे मिळून सुमारे ३५ लाख शब्द! त्यातून कुठल्याही विषयात पुन्हा पुन्हा भेटणारी ५७० शब्दकुळं त्यांनी निवडली आणि २००० साली ती यादी प्रसिद्ध झाली. कॉलेजच्या पुस्तकातले दर शंभरातले सुमारे दहा शब्द या यादीतले असतात. 'प्रोसेस', 'फंक्शन', 'स्ट्रक्चर', 'फॅक्टर', 'ॲनलाइज', 'असूम', 'रिक्वायर', 'व्हेरी' हे सगळे त्यातलेच. बायोलॉजीत भेटतील, फिजिक्समध्ये भेटतील, उद्या अर्थशास्त्र घेतलंत तर तिथेही भेटतील. रोज पाच शब्द घेतले, तर चार महिन्यांत यादी संपते.

शास्त्रातले लांबलचक शब्द मात्र पाठ करू नका, ते फोडा. आपण 'जलविद्युत' शब्द पाठ करतो का? जल कळलं, विद्युत कळली, झालं. तसंच 'फोटो' म्हणजे प्रकाश, 'सिंथेसिस' म्हणजे जोडून तयार करणं. मग 'फोटोसिंथेसिस' म्हणजे आपलं प्रकाशसंश्लेषणच की! 'हायड्रो' म्हणजे पाणी, 'थर्मो' म्हणजे उष्णता, 'बायो' म्हणजे जीवन, 'सेमी' म्हणजे अर्धा. असे तीस-चाळीस तुकडे हाताशी असले की निम्मे शब्द स्वतःच आपला अर्थ सांगू लागतात.

घाटातल्या पाट्या

घाटातून जाताना 'पुढे वळण आहे' अशी पाटी दिसते ना? इंग्रजी परिच्छेदातही अशा पाट्या असतात. 'हाउएव्हर' दिसलं, की समजा आता गाडी वळणार, आधी म्हटलं त्याच्या उलट काहीतरी येणार. 'देअरफोर' म्हणजे निष्कर्ष आला, इथे थांबा. 'फॉर एक्झाम्पल' म्हणजे उदाहरण, मुद्दा कळला असेल तर जरा वेगानं चला. 'ऑल्दो' म्हणजे आपलं 'जरी', मग पुढे 'तरी' शोधा. अशा पंधरावीस पाट्या ओळखता आल्या की रस्ता चुकत नाही.

लांब वाक्य आलं तर? मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून आपण शेवटपर्यंत वाट पाहतो. इंग्रजीत ते कर्त्यानंतर येतं, पण मध्ये कधीकधी भलीमोठी मालगाडी घुसते. हे वाक्य पाहा: 'द रूट हेअर्स ऑफ अ प्लांट, विच ग्रो बिटवीन द पार्टिकल्स ऑफ सॉइल, ॲब्सॉर्ब वॉटर.' घाबरू नका. कर्ता शोधा: रूट हेअर्स. ते काय करतात? ॲब्सॉर्ब. काय? वॉटर. मुळांवरचे केस पाणी शोषतात, संपलं! ते मातीच्या कणांमध्ये वाढतात, हे मग सावकाश जोडा.

पाच पायऱ्या वाचनाच्या

अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९४६ साली अभ्यासाच्या वाचनाची एक पद्धत सांगितली. तिच्या पायऱ्या पाच.

१) चाळा. धडा वाचण्याआधी शीर्षकं, उपशीर्षकं, आकृत्या आणि शेवटचा सारांश नुसता पाहा. पाच मिनिटं पुरे.

२) विचारा. उपशीर्षकाचा प्रश्न करा. 'ऑस्मोसिस' असं शीर्षक असेल, तर 'हे कशामुळे होतं?' मराठीत विचारलात तरी चालेल.

३) वाचा. त्या प्रश्नाचं उत्तर शोधत वाचा. अडलेल्या शब्दाखाली फक्त बारीक रेघ मारा आणि पुढे चला. शब्दकोश मिटलेला! पुष्कळदा पुढच्या दोन ओळींत अर्थ आपोआप लागतो. परिच्छेद संपल्यावर ज्या शब्दांवाचून अडतंच आहे, तेवढेच शब्दकोशात पाहा.

४) सांगा. पुस्तक मिटून उत्तर स्वतःच्या शब्दांत सांगा.

५) उजळणी करा. दुसऱ्या दिवशी, मग आठवड्यानं.

यातली चौथी पायरी आपण नेहमी गाळतो. पुन्हा पुन्हा वाचलं की येतं, असं वाटतं. पण रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग वेगळंच सांगतो. काही विद्यार्थ्यांनी उतारा परत परत वाचला, काहींनी तो वाचून न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पाहिलं तर वाचणारे पुढे होते. पण आठवड्यानं? आठवून लिहिणाऱ्यांना जास्त लक्षात राहिलं होतं!

आता मोबाईलवर पानाचा फोटो काढला की अख्खं पान मराठीत होतं, हे मला ठाऊक आहे. वापरा की! पण स्वतः वाचून झाल्यावर, आपलं बरोबर आलं का ते तपासायला. परीक्षेच्या हॉलमध्ये मोबाईल नसतो, तिथे आपलंच डोकं न्यावं लागतं.

चार वाक्यांचं घर

वाचन सुरू झालं, पण लिहिताना तिची पुन्हा पंचाईत. तिनं गाईडमधलं उत्तर पाठ केलं होतं. चाचणीत प्रश्न जरा फिरवून आला, आणि पाठ केलेलं सगळं कोसळलं. २५ पैकी ९ गुण. त्या दिवशी ती रडली. मी म्हटलं, "गाईड बंद. आजपासून रोज चारच वाक्यं लिहायची, पण स्वतःची."

पहिलं वाक्य मुद्द्याचं. दुसरं कारणाचं. तिसरं उदाहरणाचं. चौथं 'म्हणून काय' सांगणारं. एका परिच्छेदात एकच मुद्दा, दुसरा आला की नवा परिच्छेद. मुद्दे आधी मराठीत योजले तरी हरकत नाही. मात्र वाक्यं इंग्रजीतच रचायची आणि छोटी ठेवायची. मराठी वाक्य शब्दाला शब्द लावून उलटवलं की फजिती होते.

तिचा पहिला परिच्छेद मनुकांवर होता. एका वाक्यात 'द' विसरली होती, दुसऱ्यात क्रियापदाचा 'एस' राहिला होता. पण मुद्दा लख्ख कळत होता! 'ए' आणि 'द' आपण विसरतो, कारण मराठीत त्या जातीचे शब्दच नाहीत. म्हणून लिहून झालं की दोनदा वाचायचं. एकदा अर्थासाठी, एकदा फक्त या चुकांसाठी. सगळ्या चुका एकदम पकडायला गेलात तर एकही सापडत नाही.

आईबाबा, हे तुमच्यासाठी

'आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही काय मदत करणार?' असं म्हणू नका. रात्री जेवताना मुलाला तीनच प्रश्न विचारा: आज काय वाचलंस? ते मला समजेल असं मराठीत सांग. आणि तुला न कळलेलं काय राहिलं? त्याला सांगता आलं, तर तो धडा समजला. अडखळला, तर कुठे अडलं ते त्यालाच कळेल. यासाठी तुम्हाला इंग्रजीचं एक अक्षरही यायला नको. आणि शेजारचा मुलगा कसा फाडफाड बोलतो, हे मात्र कृपा करून सांगू नका.

आणि त्या अर्जाचं काय झालं?

दिवाळीआधीच्या परीक्षेत तिला २५ पैकी १५ मिळाले. फार नाहीत, पण सगळे तिचे स्वतःचे. सुट्टी संपल्यावर वडील फराळाचा डबा घेऊन आले. मी विचारलं, "तो अर्ज?"

"आहे की घरी," ते हसले. "मागची बाजू कोरी होती ना, तिच्यावर तिनं शब्द लिहून भिंतीला चिकटवलाय."

तेव्हापासून आम्ही हा वर्ग दरवर्षी मे महिन्यातच घेतो, म्हणजे अर्ज लिहायची वेळच येऊ नये. तुमच्या गावात असा वर्ग नसेल, तर दोघंतिघं मिळून सुरू करा. रोज एक तास, एक पान, चार वाक्यं. पहिला धडा कोणता? घरात मनुका असतील तर चार पाण्यात टाका, आणि सकाळी काय दिसलं ते इंग्रजीत चार वाक्यांत लिहा. चुकलं तर चुकू दे!