कळसूबाईची रात्र

कुंडलिकेकाठी जुन्या जालन्यात वाढलेल्या मुलाला उत्तुंग कडा बहुधा भूगोलाच्या पुस्तकातच भेटतो. भोवतालची जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम ५०० मीटर उंच. असे चार मित्र रेल्वेने इगतपुरी गाठून, पुढे बारी गावातून रात्रीच १६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर चढू म्हणतात, तेव्हा घरच्यांच्या पोटात गोळा येणे स्वाभाविक आहे. तरीही त्यांना जाऊ द्यावे, असे आम्हांस वाटते. मात्र अटी घालून.

खडी चढण, कातळावरच्या लोखंडी शिड्या आणि विजेरीच्या उजेडात दिसतील तेवढ्याच दोन पायऱ्या. येथे वर्गातला पहिला क्रमांक कामास येत नाही. ज्याला दम लवकर लागतो त्याने पुढे चालावे, बाकीच्यांनी त्याच्या चालीने. एरवी अंधारात तोच मागे राहतो. गावातला जाणता वाटाड्या घ्यावा व त्याच्या मजुरीत घासाघीस करू नये. पावसाळ्यात शिड्या निसरड्या होतात, तेव्हा रात्र टाळावीच. हा परिसर १९८६ पासून अभयारण्य आहे, आणि माथ्यावरच्या देवीची नवरात्रात यात्रा भरते, गाणी वाजवीत चढणाऱ्या टोळक्यांना (त्यांत शिकलेलेच अधिक!) दोहोंचे भान नसते.

पहाटे खाली भंडारदऱ्याचे पाणी उजळू लागते. तोवर कुडकुडत बसावे लागते, म्हणून एक घोंगडी जास्त न्यावी.