मोटारसायकलचा लांबचा प्रवास आणि आपली कंबर



मोटारसायकलला आपल्याकडे पूर्वी फटफटी म्हणत. तो शब्द आतां मागें पडला. यंत्रें शांत झालीं, रस्ते रुंद झाले, आणि पुण्याहून कोल्हापूरास दुचाकीवरून जाणें ही कांहीं मोठ्या धाडसाची गोष्ट राहिली नाहीं. त्या यंत्रावर बसणारें शरीर मात्र जुनेंच आहे. कांहीं वर्षांपूर्वीं मी असाच कोल्हापूरास निघालों होतों. वाटेंत कोठेंहि न थांबतां पोंचावयाचें, हाच काय तो अभिमान. सातारा मागें पडल्यावर कमरेंत कळ सुरू झाली. तिच्याकडे मीं दुर्लक्ष केलें. सुमारें १६० किलोमीटर एका बैठकींत झाल्यावर, कराडजवळ ब्रेक दाबण्यासाठीं उजवें पाऊल हलवूं गेलों, तों तें परक्याचें असावें तसें जड झालेलें! गाडी थांबली, पण जेथें थांबावयास हवी होती, त्याच्या चार हात पुढें. त्या चार हातांमुळेंच आज हा विषय निवडला आहे.

कंबर दुखते ती वयामुळें किंवा खड्ड्यांमुळें, असा सामान्य समज आहे. खड्ड्यांचा दोष कोण नाकारील? परंतु त्याहून मोठा दोष आपल्या बसण्याचा असतो. कमरेच्या भागांत कण्याचे पांच मणके असून त्यांच्यामध्यें असलेल्या चकत्या धक्के सोसतात. आपण उभे असतां या भागास आंतल्या बाजूला बांक असतो. आसनावर पाठ पोंक काढून बसलों कीं कटीचें हाड मागें कलंडतें, बांक नाहींसा होतो, चकतीची पुढली कड दाबली जाते आणि मागली ताणली जाते. पायांकडे जाणाऱ्या शिरा नेमक्या याच मागल्या बाजूनें निघतात.

हा दाब प्रत्यक्ष मोजलेला आहे. स्वीडनमधील आल्फ नाकेमसन यांनीं १९६० च्या दशकांत जिवंत माणसांच्या चकतींत सुई घालून तो मोजला, व बसल्यानें तो वाढतो असें सांगितलें. १९९९ मध्यें जर्मनींतील विल्के व त्यांचे सहकारी यांनीं एका माणसावर पुन्हां मोजमाप केलें, तेव्हां सैल बसण्यांत दाब उभें राहण्याहून अधिक आढळला नाहीं. मात्र पुढें वांकून बसल्यास तो बराच वाढतो, याविषयीं दोन्ही प्रयोगांचें एकमत आहे. म्हणजे दोष बसण्याचा नसून वांकून, आणि तेंहि तासन्‌तास न हलतां, बसण्याचा आहे.

त्यांत हादऱ्यांची भर पडते. झोपाळ्याला योग्य क्षणीं झोका दिला कीं तो उंच जातो. त्याचप्रमाणें बसलेल्या माणसाचा कणा दर सेकंदास सुमारें चार ते सहा वेळां येणाऱ्या उभ्या हादऱ्यांना सर्वांत अधिक साथ देतो. रस्त्याच्या चढउतारांतून असे मंद हादरे सहज निर्माण होतात. इंजिनाची जलद थरथर हातांना अधिक शिणविते.

यावर उपाय कोणते? प्रथम गाडी आपल्या अंगाला जुळवून घ्यावी. हँडल धरतांना कोंपरें किंचित् वांकलेलीं असावींत. हात पूर्ण ताणावे लागत असतील तर तें थोडें मागें घेतां येतें. पाय फार पुढें पसरणाऱ्या गाड्या दिसतात ऐटबाज, पण त्यांवर कटी हटकून मागें कलंडते, आणि प्रत्येक धक्का थेट माकडहाडांतून वर जातो. पाय शरीराखालीं असतील तर गतिरोधकाच्या आधीं वेग कमी करून आसनावरून बोटभर उठतां येतें. मग धक्का गुडघे सोसतात. टाकी मांड्यांनीं हलकेंच धरावी, म्हणजे मनगटांवरचा भार कमी होतो.

मागल्या शॉक-अ‍ॅब्सॉर्बरवर बहुधा खांचांचें एक कडें असतें. पाठीमागें माणूस किंवा सामान घेतांना तें चढवावें, एकट्यानें जातांना उतरवावें. हें काम पांच मिनिटांचें. परंतु गाडी विकेपर्यंत त्या कड्याला हात न लावणारे कितीतरी लोक मला ठाऊक आहेत. टायरमधील हवा गाडी थंड असतांना तपासावी. पाठीवरची पिशवी शक्यतों गाडीवरच बांधावी. पट्ट्यांनीं खांद्याला लोंबणारें ओझें अखेर कण्यावरच येतें. कमरेच्या पट्ट्यावर फार भिस्त ठेवूं नये.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे थांबणें. कळ येण्याची वाट न पाहतां तासाभरानें उतरावें, पांच मिनिटें चालावें, कमरेवर हात ठेवून पांचसहा वेळां सावकाश मागें वांकावें आणि पाणी प्यावें. येथें एक सावधगिरी सांगतों. बराच वेळ वांकून बसल्यावर कण्याचे बंध सैल पडलेले असतात, आणि ते पूर्ववत् होण्यास अर्ध्या तासाहूनहि अधिक वेळ लागूं शकतो. आणि आपण करतों काय? मुक्कामीं पोंचतांच अवजड गाडी मेन स्टँडवर चढवितों, आणि वांकून सामान उचलतों! पुष्कळांची कंबर रस्त्यावर धरत नाहीं, घराच्या दारांत धरते. तेव्हां गाडी कलत्या स्टँडवरच राहूं द्यावी, अंगणांत फेऱ्या माराव्या, चहा घ्यावा, सामान मागाहून उतरवावें.

कळ दोनतीन दिवसांत ओसरत असेल तर अंथरूण धरूं नये. हिंडतेंफिरतें राहणेंच बरें. पण वेदना मांडीखालीं पोटरीपर्यंत उतरत असेल, किंवा पाऊल लुळें पडत असेल, तर वैद्याकडे जावें. आणि जेथें आसन टेकतें त्या भागाची संवेदना गेली, अथवा लघवी अडली, तर रात्र असो वा पहांट, त्याच घटकेस रुग्णालय गांठावें. दुचाकीवरून मात्र नव्हे.